धोंड्याच्या वाणात विमा

नवरदेव नावाचा प्राणी एका दिवसापुरता साहेब होते, हे करिश्माले शाळेनं नाही, धंद्यानं शिकवलं. कालपर्यंत जो पोट्टा पानठेल्यावर दुसऱ्याच्या खिशातला खर्रा घोटत होता, तोच डोक्याले फेटा बांधला का अँबेसिडरच्या मागच्या सीटवर असा पसरते, जसा आत्ताच जिल्ह्याची मीटिंग आटपून आला. काच खाली करते, कोपर बाहेर काढते अन् म्हनते, "ड्रायव्हर, जरा हळू."

मंग ड्रायव्हर मान वळवते. ड्रायव्हर म्हंजे करिश्मा. अठरा पुरे, लायसन खिशात, वेणी खांद्यावर, अन् नजर अशी का समोरच्याचा फेटा आपोआप तिरपा झाला पायजे.

"हळूच हाये. तुमाले घाई कायची? लग्न काही पळून नाही चाललं."

गाडी पांढरी. तिच्या बापानं, वामनरावनं, सरकारी लिलावातून उचललेली. एकेकाळी तिच्या टपावर लाल दिवा होता. दिव्याचा जमाना गेला, टपावर वाटीएवढं भोक राह्यलं. वामनरावनं त्याच्यावर पत्रा मारून रंग देल्ला, पन ठिगळ लपलं नाही. अन् गंमत अशी का त्या ठिगळाचाच सारा भाव. गिऱ्हाईक पयले तिथीच बोट लावे. "इथीच होता ना दिवा?" विचारे, अन् देवळाच्या पायरीले लावते तसा हात कपाळाले लावे. गाडीचं इंजन कसं, ब्रेक लागते का नाही, हे आजवर कोन्या मायच्या लालानं विचारलं नाही.

घर नांदगाव पेठच्या अलीकडे, वावरातच. शेवंती, झेंडू, निशिगंध. फुलाच्या धंद्याची इमानदारी काय सांगावी! दसऱ्याच्या सकाळी सोनं, दुसऱ्या दिवशी बकऱ्याचा चारा. पन तीच फुलं अँबेसिडरवर चढली का त्याले डेकोरेशन म्हनतात, अन् डेकोरेशनचा भाव कोनी पाडून मागत नाही. ही अक्कल करिश्माची. शाळा तिनं दहावीत सोडली. गणिताचा मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हनला, "हारच ओवाचे हाये, पास होऊन काय कराचं?" अन् हिनं डस्टर त्याच्याच टेबलावर असं आपटलं का खडूच्या धुराळ्यात मास्तर दिसेनासा झाला. त्यानंतर शाळेनं बोलावलं नाही, हिनं विचारलं नाही.

वामनराव तोंडानं गरीब, पन शब्दाचा पक्का. तो म्हनला, "गाडी तू चालव. पन गाडी बसली, का सतरा नंबरचा फॉर्म भराचा अन् गुपचाप घरून दहावीची परीक्षा द्याची."

"नाही बसत," करिश्मा म्हनली.

गाडी बसू नये, हेच तिचं एक काम होतं जगात.

गाडीचा विमा श्रावणात संपत होता. अमरावतीच्या मेस्त्रीनं बोनेट खाली टाकता टाकता सांगतलं, "पोरी, हिची कंपनीच बंद पडली. उद्या हे बोनेट गेलं तं नवं भेटत नाही. साधासुधा विमा काढू नको. अकोल्याले रागिणीबाई हाये, अशाच इचित्र गाड्यांचं पाहते."

करिश्मा गाडी घेऊनच अकोल्याले गेली. टॉवर चौकाच्या मागं, जिन्याखाली एका खोलीचं ऑफिस. रागिणीबाई पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. ती खुर्चीतून उठली, बाहेर आली अन् गाडीभवती असा फेरा मारला, जशी बैलबाजारात दात मोजाले आली. वाकून खाली पाह्यलं. टपाच्या ठिगळाले तिनं बोट लावलं नाही, करिश्माले हे आवडलं. मंग ती मागच्या काचेपाशी थांबली. तिथी करिश्मानं स्टिकर लावलं होतं: 'शुभकार्यासाठी गाडी मिळेल'. खाली मोबाईल नंबर.

"हे कोनं लावलं?"

"म्याच."

"म्हंजे भाड्यानं देते."

"मंग का पूजेले ठेवली?"

"अन् आजवरचा विमा घरच्या गाडीचा."

"गाडी घरचीच हाये ना. चोरीची थोडी हाये."

रागिणीबाई हसली नाही. "घरच्या गाडीचा विमा घरच्या कामाले असते, बेटा. भाड्यानं गेली अन् ठोकली, तं कंपनी हात वर करते. हे स्टिकरच तुह्या विरुद्ध साक्ष देते."

"मंग करू काय?"

"नंबरची पाटी पिवळी करून घे. पासिंग होते का नाही, ते आरटीओवाले सांगतील, मी शब्द देत नाही. झाली तं मी भाड्याच्या गाडीचा विमा देतो. एवढ्या जुन्या गाडीची किंमत आपण बसून ठरवाची असते. चारी बाजूनं फोटो काढू, सामान भेटत नाही हेही कंपनीच्या कानावर घालू. नाही झाली, तं भाडं बंद कर."

"भाडं बंद?"

"अन् हप्ता तिप्पट धर."

करिश्माचं डोकं तापाले एवढं पुरे होतं. "पिवळ्या पाटीच्या गाडीत नवरदेव बसते का, बाई? त्याले साहेब दिसाचं रायते, टॅक्सीत नाही बसाचं रायत. तुमचं ऐकलं तं माही गाडी बिनाठोकताच मरते."

"नवरदेवाच्या तोऱ्याचा विमा मी नाही काढत."

"तुमी विमा इकता का भेव इकता?"

"भेव फुकट देतो," रागिणीबाई चष्मा लावत म्हनली. "विमा इकतो. ये विचार करून."

करिश्मानं दार असं आपटलं का चौकातलं एक गाढव बिचकलं. मूर्तिजापूरपर्यंत ती त्या बाईले शिव्या देत आली. मूर्तिजापूर गेलं अन् शिव्या संपल्या. बाई खोटं बोलली असती तं करिश्मा घरापर्यंत शिव्या पुरवू शकत होती. पन बाई खरं बोलली होती, अन् करिश्माले सगळ्यात जास्त राग त्याचाच ये. घरी येऊन तिनं बापाले सांगतलं, "बाबा, पाटी पिवळी करू. महागाचाच काढू."

वामनरावनं डोकं खाजवलं. "करू म्हंतं?"

"करू म्हनतो."

"मंग करू."

एवढं सोपं असतं तं गोष्ट इथीच संपली असती. पन त्या साली श्रावण दोन आले होते. पयला अधिकाचा. धोंड्याचा महिना. या महिन्यात लग्न बंद रायते अन् जवायांचं पीक जोरात येते. तीन वर्षांतून एकदा जवायाले बोलवाचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालाचे, तेहतीस अनारसे अन् चांदीचा दिवा वाण म्हनून त्याच्या हातात ठेवाचा, अन् तो विष्णूचा अवतार हाये असं समजाचं. आता कोनाच्या घरी कोनता विष्णू येते हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. वामनरावच्या नशिबी शेखर आला.

शेखर म्हंजे करिश्माच्या मोठ्या बहिणीचा, हर्षाचा नवरा, अकोल्याचा. आधी तो मोबाईलचे कव्हर इके. मंग पाण्याचे फिल्टर. मंग एका अॅपवरून लोकायले करोडपती करत होता. करोडपती कोनी झालं नाही, पन शेखरनं बूट नवे घेतले. आता सहा महिन्यांपासून विमा. दर खेपेले व्हिजिटिंग कार्ड नवं, शेखर तोच.

जेवन होत आलं. करिश्माच्या मायनं, दुर्गाबाईनं, पदर सावरून चांदीचा दिवा ताटात ठेवला. नागपूरच्या सोनाराकडून मागवलेला, दुर्गाबाईनं फुलाच्या एकेका टोपलीतून वाचवून. शेखरनं दिव्याकडे पाह्यलं अन् हात असा वर केला, जसा समोरून पूर येऊन राहिला अन् तो थांबवून राहिला.

"मामाजी, हे चांदीबिंदी राहू द्या. मी काही तसा जवाई नाही. मले वाण द्याचंच असन, तं गाडीचा विमा माह्याकडून काढा. बस."

दुर्गाबाईचे डोयेच भरून आले. "पाहा! किती समजदार!"

वामनरावची छाती फुगली. जवाई चांदी नको म्हनते, म्हंजे काय लहान गोष्ट हाये? करिश्मानं मात्र हातातला धोंडा ताटात ठेवला.

"भाऊजी, तुमचा विमा भाड्याच्या गाडीले चालते का?"

"फुल पॉलिसी हाये, फुल! पूर, भूकंप, दंगा, आग, सगळं आलं."

"भूकंपाचं नाही विचारलं. भाड्याचं विचारलं."

"ते कोन पाहून राह्यलं? मी हाये ना. अन् तुह्या त्या अकोल्याच्या बाईपेक्षा तीन हिश्श्यानं सस्ता."

वामनराव करिश्माकडे वळला. "तू सांग. गाडी तू चालवतं."

खरंच विचारलं बापानं. सगळ्यायच्या समोर विचारलं. अन् करिश्माच्या जिभेवर सारं तयार होतं: स्टिकर, साक्ष, हात वर करणारी कंपनी, बोनेट. तेवढ्यात बाजूले बसलेल्या हर्षानं ताटाखालून तिच्या मांडीले चिमटा काढला. असा, का निळं होईन. करिश्मानं पाह्यलं. हर्षा हसत होती, तूप वाढत होती, अन् डोळ्यानं हात जोडत होती. सकाळीच मोरीपाशी तिनं सांगतलं होतं, "हे काम बी गेलं त्याच्या हातचं तं मले इथीच आणून सोडन. आज तोंड आवर, करिश्मा."

करिश्मानं जिंदगीत पयल्यांदा तोंड आवरलं.

"काढा," ती म्हनली.

पॉलिसी दोन मिनिटांत निघाली. घरात रेंज नव्हती, म्हनून शेखरनं फोन अँबेसिडरच्या टपावर, बरोबर लाल दिव्याच्या ठिगळावर ठेवला. तिथी रेंज आली. "पाहा मामाजी, साहेबाची जागा," तो म्हनला अन् सोताच हसला. जातानी दुर्गाबाईनं दिवाही त्याच्या पिशवीत टाकला, राहू कसा द्याचा म्हनून. त्यानं बी तीनदा नाही नाही म्हनलं, अन् पिशवीचं तोंड उघडं धरलं.

तुळशीचं लगन झालं, सीझन लागला, गाडी चालली. अन् पौषाच्या आधी जानरावच्या पोट्ट्याचं लगन निघालं.

जानराव वामनरावचा चुलतभाऊ. याच्या खिशातून रुपया बाहेर निघाला तं रुपयालेच सर्दी होते. तो आला, चहा प्याला, दुसरा कप मागतला अन् म्हनला, "वामन, नवरदेव अकोल्याले जाईन तं आपल्याच गाडीत. घरचंच लगन हाये."

"म्हंजे भाडं नाही," करिश्मा म्हनली.

"पाय गा वामन, पोट्टी कशी बोलते! काकाले भाडं मागते!"

"मागितलं नाही, काकाजी. विचारलं."

"करिश्मा," वामनराव म्हनला. एवढंच. चुलतभावाले गाडीचं भाडं मागणारा माणूस वऱ्हाडात अजून जलमाले याचा हाये, अन् तो वामनराव तं नक्कीच नव्हता. डिझेलचं बी नाही. जानराव जातानी शेवंतीचे चार झाडं बी मुळासकट घेऊन गेला, दारात लावाले.

करिश्मानं तरी गाडी सजवली. काकाचा राग गाडीवर काहून काढाचा? टपावर निशिगंधाची जाळी, ठिगळाभवती झेंडूचं गोल, बोनेटवर पांढऱ्या शेवंतीचा पट्टा. गाडी अशी दिसत होती का साहेबालेच पुन्हा नोकरीवर यावं वाटलं असतं. मागच्या सीटवर नवरदेव, बाजूले करवला, समोर जानराव. आख्ख्या रस्त्यानं जानराव दर फाट्यावर सांगे, "इथी हॉर्न मार. इथी आपले लोक रायतात."

मूर्तिजापूरच्या पुढं, रस्त्याच्या दोन्ही बाजूनं तूर डोक्याएवढी उभी. त्या तुरीतून रोही निघाला, नीलगायीचा नर. घोड्याएवढा, निळसर, आंधळ्यासारखा. करिश्मानं ब्रेक मारला, स्टिअरिंग ओढलं. ब्रेक लागला. गाडी थांबली. पन रोही थांबला नाही. तो गाडीवर आला.

आवाज झाला. मंग शेवंती पडल्याचा आवाज बी ऐकू ये, एवढं शांत झालं. बोनेट मधून मोडून वर आलं होतं, काच जाळीसारखी फुटली होती, रेडिएटर पानी सोडत होता. कोनाले लागलं नव्हतं. नवरदेवाचा फेटा नाकापर्यंत उतरला होता अन् तो आतून ओरडून राहिला होता, "मम्मी! मम्मी!" रोही उठला, आंग झटकलं, अन् पलीकडच्या तुरीत निघून गेला. त्याले विम्याची गरज नव्हती.

"पाह्यलं?" जानराव उतरल्या उतरल्या म्हनला. "पोट्टीच्या हाती गाडी देल्ली का असंच होते."

करिश्मा मोडक्या बोनेटवर हात ठेवून उभी होती. हे दुकानात भेटत नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नवरदेव डीजेच्या पिकअपमध्ये गेला. गाडी टेम्पोवर चढवून लग्नाच्या ठिकाणी, अकोल्याच्या मंगल कार्यालयात आणली. परण्याले, म्हंजे मारोतीच्या दर्शनाले, नवरदेव पिकअपच्या मागच्या फाळक्यावर पाय लोंबकळत निघाला. नवरीकडचे लोक तोंडावर रुमाल धरून हासत होते. जानरावचं तोंड कडू कारल्यासारखं.

शेखर मात्र खुशीत होता. त्याले पयल्यांदा कामाचं गिऱ्हाईक भेटलं होतं, म्हंजे सासरचं. "टेन्शन नका घेऊ, मामाजी. माह्या एका फोनवर सर्वेअर मांडवात येते." नुकसान पाहणारा माणूस उद्या मेस्त्रीकडे बी आला असता. पन मंग शेखरचा फोन मांडवाले कसा दिसला असता?

"आज गाडी घरची, लगन घरचं," शेखरनं करिश्माले बाजूले घेऊन बजावलं. "अन् आज तं हे खरंच हाये. म्हनून एक शब्द जास्त नको."

खरंच होतं. त्या दिवशी गाडी फुकट आली होती, अन् फुकट आली म्हनूनच विमा भेटणार होता. जानरावचा चिंगूसपना पयल्यांदा कोनाच्या कामी येऊन राहिला होता. हर्षानं पळत जाऊन मागच्या काचेवरच्या स्टिकरवर झेंडूचा जाडा हार लटकवला.

सर्वेअर आला. वाळका, हेल्मेटनं केसं चपटे झालेले. त्यानं गाडीचे फोटो काढले, कच्च म्हनून तोंडानं आवाज केला. शेखरनं त्याले मांडवात आणलं, पयल्या लाईनीच्या सोफ्यावर बसवलं, ताट मागवलं. आजूबाजूले दोन्हीकडचे मोठे लोक. नवरीचा बाप चंद्रभान दात कोरत बसला होता. सर्वेअरनं जिलेबी संपवली, हात पुसला, कागद काढला.

"आज गाडी कायच्या कामाले होती? भाड्यानं का घरच्या?"

"घरच्या, साहेब!" शेखर म्हनला. "चुलतभावाच्या घरचं लगन. भाड्याचा सवालच नाही."

"घरचीच," वामनराव म्हनला.

चंद्रभाननं दात कोरणं थांबवलं. "म्हंजे काय जानराव, गाडी मांगनीची होती का? साखरपुड्यात तं तुमी म्हनत होते, व्हीआयपी गाडी लावली, आख्खी अमरावती पालथी घातली!"

नवरीकडच्या सोफ्यावर हशा पिकला. कोनीतरी मागून म्हनलं, "मांगनीची गाडी अन् पिकअपचा नवरदेव!"

जानराव उभा झाला. "मांगनीची? जानराव मांगून आणत नाही! रोख भाडं मोजून आणली गाडी!"

सर्वेअरचा पेन थांबला.

"काकाजी मजाक करून राहिले, साहेब," शेखर घाईनं म्हनला. "लग्नाचं घर हाये."

सर्वेअरनं एकदा जानरावकडे पाह्यलं, एकदा रिकाम्या ताटाकडे. माणूस काही वाईट नव्हता. "मजाकच असन. मी घरची लिहितो."

झालं होतं. निभावलं होतं. पन जानरावले हशा अजून ऐकू येत होता. तो चंद्रभानकडे वळला अन् छातीवर हात मारून म्हनला, "अन् या पोट्टीनं गाडी ठोकली, तरी म्या भाड्यातला एक पैसा कापला नाही. मन मोठं लागते, व्याही!"

वामनरावनं डोळ्यानं सांगतलं, नको. हर्षा लांब होती, तिचा चिमटा पोचणार नव्हता.

"कोनतं भाडं, काकाजी?" करिश्मा म्हनली. डीजेनं नेमकं तेव्हाच गाणं बदलाले घेतलं होतं. "डिझेल आमचं, फुलं आमचे, गाडी आमची, वरून चार झाडं शेवंतीचे उपटून नेले! तुमचा एक रुपया लागला असन तं दाखवा! दाखवाच!"

चंद्रभानच्या मिशीखाली हासू सरकत होतं. जानरावचं तोंड लाल झालं, मंग काळं झालं. त्याचा हात कोटाच्या आत गेला, अन् जे त्याच्या बापजन्मात झालं नव्हतं ते झालं. नोटांचं बंडल बाहेर आलं.

"हे घे, वामन! घे! कोन म्हनते फुकट?"

"अगा राहू दे ना, भाऊ."

"घे म्हनतो!"

"राहू दे."

"घे!"

वामनरावनं तीनदा हात मागं घेतला. चौथ्यांदा बंडल त्याच्या सदऱ्याच्या खिशात गेलं, जसं जाते. आपल्याकडे तीनदा नाही म्हनलं का माणसाची इज्जत राहते, मंग खिसा उघडा असला तरी चालते. करवला मोबाईलवर शूटिंग करून राहिला होता.

सर्वेअरनं घसा साफ केला. "हे भाड्याचेच ना, काका?"

"भाड्याचेच! लिहा! मोठ्या अक्षरात लिहा!"

त्यानं लिहिलं. जाता जाता त्यानं मागच्या काचेवरचा हार बी बोटानं बाजूले केला, फोटो काढला अन् हार परत नीट बसवून देल्ला.

शेखर हर्षावर धावला, हर्षा करिश्मावर. "आज तोंड आवरता नाही आलं तुले?"

"तू मले चिमटा चुकीच्या दिवशी काढला," करिश्मा म्हनली.

नकार काही दिवसांनी फोनवरच आला, पॉलिसी आली होती तसाच. शेखरनं विम्याचं काम सोडलं. आता तो सोलरचे पॅनल इकते. हर्षाले त्यानं माहेरी आणून सोडलं नाही. सोडलं असतं तं सासऱ्यापुढं तोंड दाखवा लागलं असतं, म्हनून आला नाही. करिश्मानं उगाच जीभ चावली होती.

गाडी निंबाखाली ताडपत्रीत झाकून उभी राह्यली. वामनरावनं एका सकाळी सतरा नंबरचा फॉर्म तिच्या पुढ्यात ठेवला. शब्द म्हंजे शब्द.

"भरतो," करिश्मा म्हनली. "पन काकाजीचं बंडल मले द्या."

"ते काहून?"

"आजवर भाड्याचे म्हनून सगळ्यायच्या समोर आलेले एवढेच पैसे हायेत, बाबा. ते गाडीचे हायेत."

वामनरावनं खिशात हात घातला. यावेळेस तीनदा नाही म्हनला नाही.

मेस्त्रीनं खबर काढली होती का धारणीकडे एका घरामागं एक मेलेली अँबेसिडर पडली हाये. बाप-लेक जीपनं गेले. घाटातला रस्ता असा का हाडं मोजून घ्यावे. गाडी होती, आत कोंबड्या बसत होत्या. त्या घरच्या म्हातारीनं बोनेट देल्लं, पन अट घातली का आतली खुडूक कोंबडी उठेपर्यंत दार उघडाचं नाही. दार कोनाले पायजे होतं? बोनेट निळं होतं. करिश्मानं पांढरा रंग मारू देल्ला नाही.

आरटीओत खेटे पडले. एक साहेब म्हनला आज नाही, दुसरा म्हनला हा कागद नाही, तिसऱ्यानं टपावरचं ठिगळ पाह्यलं, बोट लावलं, अन् सही केली. मंग करिश्मा अकोल्याले गेली. रागिणीबाई जिन्याखालून बाहेर आली, निळं बोनेट पाह्यलं, पिवळी पाटी पाह्यली. "सांगतलं होतं" असं तिनं म्हनलं असतं तं करिश्मा तिथूनच परत फिरली असती. पन बाई फक्त म्हनली, "फोटो काढू. निळ्या बोनेटचा जवळून." हप्ता तिप्पटच होता. करिश्मानं शिव्या मनात देल्ल्या अन् सही केली.

पुढच्या सीझनले पयला नवरदेव आला, बडनेऱ्याचा, डोळ्यावर काळा चष्मा. दोस्तायले घेऊन गाडीभवती फिरला. टपाले बोट लावलं, खूश झाला. समोर आला, तोंड वाकडं केलं.

"बोनेट निळं, पाटी पिवळी. ही साहेबाची गाडी वाटते का?"

करिश्मा फुलाची टोपली खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राह्यली. पुस्तकं डॅशबोर्डवर पडले होते, गणिताचं सगळ्यात वर.

"साहेब रिटायर झाले," ती म्हनली. "गाडी आता सोताच्या मेहनतीचं खाते. तुमी कधी सुरू करता?"